निजलेली प्रवासी

दारूखाना बंदराच्या किनाऱ्यावर जुनं प्रवासी जहाज तोडायला आणलं होतं, पण त्याचा मेंदू बंद होईना.

“मावशी, ते म्हणतंय, तुमची मुलगी अजून आत झोपलीय,” इस्माईल मुकादम म्हणाला. “ती गेली, एवढं सांगा त्याला. शेवटचा प्रवासी उतरल्याशिवाय ते विझत नाही.”

मनोरमाबाई जहाजावरच्या त्या जुन्या खोलीत आल्या. चाळीस वर्षांपूर्वी प्रवासात इथेच त्यांची कुमुद तापाने गेली होती, तिला समुद्रात सोडलं होतं. खोली अजून उबदार होती.

“हळू,” भिंतीतून जहाज म्हणालं. “आत्ताच डोळा लागलाय.”

बाईंना ते सांगवेना. त्यांनी रिकामी दुलई उचलून खांद्याशी धरली आणि त्या शिडी उतरल्या. मागे एकेक दिवा विझत गेला.

इस्माईलने दुलईकडे पाहिलं आणि आवाज हळू केला. “मावशी, पाय उघडे पडलेत तिचे. वारा आहे.”