पेन्सिलीच्या खुणा

विमानाच्या पंखांना जाणारे तडे हा माझ्या संशोधनाचा विषय. तडा सापडला की त्याच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारायची, बाजूला तारीख लिहायची आणि तो किती वाढतोय ते बघत राहायचं.

१९९६ साली कोपरखैरण्याच्या आमच्या घरात हॉलच्या खांबाला जमिनीपासून वर तडा जायला लागला, तेव्हा सवयीनं तिथंही खुणा करत गेलो. आठव्या रेघेला तो माझ्या कमरेपर्यंत आला. मी पुट्टीनं तडा बुजवला आणि घर विकायला काढलं. खुणा पुसायचं घाईत राहूनच गेलं.

घर घेणारे रावसाहेब कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून. म्हणाले, "विमानं तपासणाऱ्या माणसाचं घर. त्यात आम्ही आणखी काय बघायचं?"

"तरी एकदा बघून घ्या," एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

दोन वर्षांनी ते वाशीला भेटले. मी नजर चुकवत होतो, पण त्यांनीच येऊन हात धरला.

"साहेब, खांबावरच्या तुमच्या मुलाच्या उंचीच्या खुणा रंग देताना तशाच ठेवल्यात बरं का. आमच्या सोनमलाही दर वाढदिवसाला तिथंच टेकवून उभी करतो."