टर्बोची पाच मिनिटं

कोपऱ्यावरून वडिलांचा ट्रक वळल्याचा आवाज आला, तेव्हा लेक आईच्या ओठांवर ओला कापूस फिरवत होती.

“आले,” आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते, पण चेहऱ्यावर जरा जीव आला. “आज कसे काय गं? परवा येणार होते ना?”

“फेरी रद्द झाली असेल,” लेक म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून वीस वेळा घोकलं होतं.

“मग जा, चहा टाक. पाच मिनिटं आहेत तुझ्याकडे.”

सकाळी नर्सबाई तपासून गेल्या होत्या. बाहेर चपला घालता घालता हळूच म्हणाल्या होत्या, “संध्याकाळपर्यंत धरून चाला. कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या.” आत आईला मात्र, ताप उतरतोय, आठवड्यात उठून बसशील, असंच सांगितलेलं होतं. महिनाभर घरात हेच चाललं होतं. आई बरं वाटलं की पडदे धुवायला काढायचे म्हणत होती, खिडकीला कुठला रंग द्यायचा ते ठरवत होती. लेकीला तेवढंच हवं होतं. आईने भीत भीत जाऊ नये, बस.

वडिलांना तिने फोनवर पढवून ठेवलं होतं. रडायचं नाही. अंगणातल्या नळावर तोंड धुवायचं, मगच आत यायचं. पळत यायचं नाही, नेहमीसारखं सावकाश. फेरी रद्द झाली म्हणायचं. अडीचशे किलोमीटरवरून वडील नुसते “हो, हो” करत होते. मग त्यांनी फोन न ठेवताच गाडी सुरू केली होती.

ट्रक फाटकाशी थांबला. इंजिन जागेवरच घरघरू लागलं.

“बघ आता,” आई म्हणाली. दर दोन शब्दांना धाप लागत होती, पण विषय तिच्या आवडीचा होता. “तुझ्या वेळी… दवाखान्याच्या दारात गाडी लावली. आत तू टाहो फोडतेयस. सासूबाई वरून हाका मारतायत. आणि हे महाराज आपले खाली बसलेत, गाडी चालू ठेवून. का, तर तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की टर्बो जळतो! पाच मिनिटं त्याला गार होऊ दिलं, मग वर आले. आधी टर्बो, मग लेक. बायकोचा नंबर अजून लागायचाय.”

लेकीला खरंच हसू आलं. ती चहाला उठली.

इंजिन बंद झालं.

मिनिटसुद्धा झालं नव्हतं. खोलीत एकदम इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. लेक उभी होती तिथेच थिजली. तोंड धुवायला सांगितलं, चालायचं कसं ते सांगितलं, बोलायचं काय ते पाठ करून घेतलं. आणि इंजिनाचं सांगायचंच राहिलं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

“डिझेल संपलं वाटतं,” ती म्हणाली.

आईचे डोळे आता उघडे होते आणि ती ऐकत होती. केबिनचं दार आपटलं. पावलं धावत फाटकातून आत आली आणि काहीतरी आठवल्यासारखी मध्येच थांबली. नळ सुटला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मग पावलं पुन्हा निघाली, या वेळी सावकाश, एकेक मोजून टाकल्यासारखी.

“किती?” आईने विचारलं.

“काय किती?”

“मला किती वेळ आहे?”

महिनाभर लेकीच्या जिभेवर खोटं तयार असायचं. आता शोधून एक सापडेना. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पांघरुणावरूनच तिने आईचे दोन्ही पाय घट्ट धरले. तिला रडायचं नव्हतं, पण रडू आवरलं नाही. आईने नुसती मान हलवली.

वडील दारात येऊन उभे राहिले. शर्टाची कॉलर ओली, केसांतून पाणी ठिबकतंय, डोळे लालभडक. आणि ते हसत होते. हसायचं लेकीने काही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या पदरचं घातलं होतं.

“फेरी रद्द झाली,” ते म्हणाले. “म्हटलं, चला, घरी जाऊन जरा…”

पुढचं त्यांना जमेना. हसू मात्र तसंच राहिलं.

आईने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि त्यांच्याकडे केला.

“हसू नका हो,” ती म्हणाली. “तेवढा वेळ नाहीये.”