रविवारच्या आत

"अगं, बोल की मोठ्यानं! आप्पांना कुठे ऐकू जातंय?" हेमराज बायकोला, वर्षाला म्हणाला.

गोडादरा वस्तीतल्या त्यांच्या घराची मधली भिंत गुडघाभर ओली झाली होती. जमिनीखालची पाण्याची लाइन कुठेतरी गळत होती, आणि नेमकं रविवारी घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं. भिकन प्लंबर लोखंडी सळईचं एक टोक फरशीवर टेकवून दुसऱ्याला कान लावत खोलीभर फिरत होता.

हेमराजचे वडील, सुपडूआप्पा, खाटेवर बसून होते. उभा जन्म कापडाच्या खात्यात लूमवर गेला, त्या धडधडीत कानांचं तिथेच वाटोळं झालं. लूमचा जुना पाना अजून उशाशी घेऊन झोपायचे. कोणी बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे. वर्षाला त्याचा भारी राग यायचा.

"आप्पा आपल्याबरोबर नव्या फ्लॅटमध्ये येणार नाहीत, हे त्यांना सांगणार कधी?" तिनं विचारलं.

"सामान भरल्यावर. गावी दगाकाकाकडे सोडू की त्यांना. आधी कळलं तर म्हातारा खाट सोडायचा नाही." हेमराजला स्वतःचीच लाज वाटली, पण घटकाभरच. "भिकनभाऊ, काहीही करा, पण रविवारच्या आत ही ओल गेली पाहिजे. ओली भिंत बघून कोण घर घेतंय?"

"शेजारच्या खात्यात लूम धडधडताहेत, काय डोंबल ऐकू येणार?" भिकन म्हणाला. "मीसुद्धा लूमवरच होतो ना. तिथे कान काही कामाचे नाहीत."

दुपारी लाइट गेली आणि लूम थांबले. भिकननं पुन्हा सळई टेकवली. सरकत सरकत तो खाटेपाशी आला. खाली वाकला, एक फरशी हलत होती ती उचलली. पाइप कुठेच फुटला नव्हता. जोडाचा नट मात्र ढिला होता, आणि त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते.

"सापडलं का?" हेमराजनं दारातून विचारलं.

 हेमराजकडे पाठ करून भिकन आप्पांसमोर उभा राहिला आणि खात्यात बोलायचे तसे नुसते ओठ हलवले, "आप्पा, हे काय?"

आप्पांनीही आवाज न काढता ओठ हलवले, "रविवार जाऊ दे. गिऱ्हाईक वल्ली भिंत देखी परत जाई, मंग नट आवळजो."