गोड माती

अठराशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. खाडीचा बांध फुटून कोलशेतच्या आवडाबाईच्या भातशेतात खारं पाणी शिरलं, त्याला तीन वर्षं झाली होती. दर पावसाळ्यात म्हातारा काळुराम तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा आणि थुंकून म्हणायचा, "अजून खारट हाय." त्याच्या जिभेच्या भरवशावर सगळं गाव पेरणी करायचं. यंदाही तो तसंच म्हणाला, तर शेत सोडून लेकींना घेऊन भावाच्या दारी जायचं, असं त्या विधवेने ठरवलं होतं; काळुरामालाही ते ठाऊक होतं.

काळुरामाने ढेकूळ फोडलं, माती जिभेवर ठेवली. हातातलं ढेकूळ पुन्हा निरखलं. मग म्हणाला, "पेर गो बाय. गोड झाली."

दिवाळीच्या सुमारास भात खळ्यात आलं. आवडाबाई नव्या तांदळाची खीर घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने वाटी पुसून खाल्ली.

"गोड झाली का, काका?"

"काय ठाव! शिमग्यातल्या तापात माझी चवच गेली."

आवडाबाई चपापली. "मंग माती कशी कळली?"

"ढेकळात गांडूळ वळवळत होतं. खाऱ्या मातीत ते जगत नाय."

"मंग तसंच सांगायचं ना!"

"गांडुळाच्या शब्दावर थांबली असतीस तू?"