किल्ली आईकडे

पेनड्राइव्ह रिकामा होता. धाकटीने तो काढला, पुन्हा लावला. रिकामाच.

"चालत नाही का गं?" आईने ओट्यापाशी उभ्याउभ्या विचारलं.

"चालतोय. आतली किल्ली कुणीतरी पुसलीय."

लॅपटॉपमधल्या एका फोल्डरला तिने कुलूप घातलं होतं. सुजलेल्या तोंडाचे फोटो, नवऱ्याच्या धमक्यांची रेकॉर्डिंग, सगळं त्यात. पेनड्राइव्हमधल्या छोट्याशा फाइलशिवाय ते कुलूप खुद्द तिलाही उघडता येणार नव्हतं. घरी ती फाइल ठेवायची सोय नव्हती. नवरा तिची पर्ससुद्धा झाडून बघायचा. म्हणून माहेरी आईकडे दिली. आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

उद्या कोर्टात तारीख होती.

दादा गोदामातून आला आणि बूट काढायला वाकला.

"तूच पुसलंस ना?" तिने विचारलं.

"काय?"

"माझा नवरा आत गेला तर तुमच्या दोघांच्या भागीदारीचं काय होईल, हीच काळजी ना तुला? पहिल्यापासून तूच म्हणायचास, घरातलं घरात मिटवा."

"म्हणायचो खरं."

"आणि या घरात पेनड्राइव्ह कुठे खुपसायचा, हे तुझ्याशिवाय कुणाला कळतं?"

दादाने खाली बघतच बूट कोपऱ्यात सरकवले. तेवढ्यावरूनच तिची खात्री झाली.

"केसाने गळा कापलास, दादा." तिने लॅपटॉप मिटला आणि बॅग ओढली.

आई मध्ये पडली. "झालं ते झालं गं. आता पुरावाच नाही, तर कोर्टात जाऊन शोभा कशाला? जा आपल्या घरी. तापट आहे तो, पण मनाने वाईट नाही."

दादा आईकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात अडकवलेला एक पेनड्राइव्ह सोडवून तिच्यापुढे ठेवला.

"तू दिलास त्याच संध्याकाळी कॉपी काढून ठेवली होती. लाव."

फोल्डर उघडलं. पहिलाच फोटो समोर आला, तशी दादाने मान फिरवली.

धाकटी दादाकडे वळली. "पण कॉपी कशाला काढलीस? आईकडे होता की."

"तू नसताना इथे कोण येऊन बसतं, ते आईला विचार."

आई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

"रडला गं माझ्यापुढे," ती म्हणाली. "म्हणाला, ती किल्ली पाचच मिनिटं द्या, आई."