अनाथपणाचं अनुदान

"अभिनंदन," कारकून म्हणाला, "मुलगी आता कायद्याने तुमची झाली. त्यामुळे अनुदान बंद."

दोन्ही वाक्यं त्याने एकाच दमात आणि एकाच सुरात म्हटली. सदानंद आणि शर्मिष्ठा नांदगावहून सकाळच्या गाडीने ओरोसला जिल्हा कचेरीत आले होते, दत्तकाचा आदेश दाखवायला. सोबत पेढेही होते. कारकुनाने पेढा खाल्ला.

"बंद म्हणजे?" सदानंदने कचेरीसाठी राखून ठेवलेली मराठी काढली. "ती कालपर्यंत आमच्याकडेच जेवत होती. उद्याही आमच्याकडेच जेवणार."

"बरोबर. पण कालपर्यंत ती अनाथ म्हणून जेवत होती." कारकून भला माणूस होता, समजावून सांगत होता. "मावशीकडे राहणारी अनाथ मुलगी योजनेत बसते. आईकडे राहणारी मुलगी बसत नाही. अठरा वर्षांची होईपर्यंत थांबायचं होतंत. बरेच जण थांबतात."

"अठरा वर्षांनी तिला आई कशाला लागेल?" शर्मिष्ठा म्हणाली.

यावर नियम नव्हता. कारकुनाने दुसरा पेढा घेतला.

रसिका ही शर्मिष्ठाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि तिचा नवरा महामार्गावरच्या अपघातात गेले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. मावशीने तिला घरी आणलं आणि सरकारने अनुदान सुरू केलं. त्या पैशांत तिची शाळा, औषधपाणी आणि कपडे भागत. बदल्यात सरकार फारसं काही मागत नसे. वर्षातून एकदा एक बाई घरी येत, चहा घेत आणि रसिकाला समोर उभं करून विचारत, "आई-वडील आहेत?" रसिका म्हणायची, "नाहीत." मग फोटो निघायचा. बाई म्हणायच्या, "छान!" आणि पुढच्या वर्षाचं अनुदान चालू व्हायचं. तिसऱ्या वर्षी ते "छान" ऐकून शर्मिष्ठा चुलीपाशी जाऊन रडली होती. दुसऱ्या दिवशी दत्तकाची चौकशी करायला ती स्वतः निघाली.

ओरोसहून परतताना एस.टी.त सदानंद मनात हिशोब मांडत होता. यंदा काजूचा मोहोर करपला होता. "वायंगणी भात जरा जास्त करूया," उन्हाळी पिकाचं एवढंच तो कणकवली आल्यावर बोलला.

ते घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती. सदानंदचा मोठा भाऊ सत्यवान शेजारच्याच घरात राहायचा आणि प्रत्येक विषयावर त्याचं मत तयार असायचं. तीन वर्षं तो वाडीत त्या पोरीबद्दल सांगत होता, "पैशांसाठीच ठेवल्यानी चेडवाक." आता पैसे बंद झाले म्हटल्यावर तो दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून ओरडला, "खुळो मरे तू! येणारे पैसे आपल्या हातान बंद केलंस! आता पोसा फुकट!"

दोन्ही मतं त्याने सारख्याच खात्रीने मांडली. वाडीनेही दोन्ही वेळा मान डोलावली.

रसिका तेव्हा विहिरीवर होती. तिने ऐकलं.

तशी ती आधीपासूनच गुणी म्हणून प्रसिद्ध होती. कधी हट्ट नाही, कधी उलट उत्तर नाही. बायका आपापल्या मुलांना तिचं उदाहरण द्यायच्या आणि ती मुलं तिच्यावर चिडायची. मुलगी एवढी गुणी का, हे कुणी विचारलं नाही. गुणी असणं मोठ्यांच्या डोळ्यांत खुपत नाही.

आता ती अधिकच गुणी झाली. सकाळी कोणी न उठवता उठायची, अंगण झाडायची. शाळेतून आली की दप्तर ठेवून भांडी घासायला बसायची. आमटी दुसऱ्यांदा घेणं तिने बंद केलं. सहलीला सगळा वर्ग गेला. आपल्याला सहल आवडत नाही, असं तिने शाळेतल्या बाईंना सांगितलं. शर्मिष्ठाला ते दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं.

त्या दुपारी रसिका अर्धी भाकरी खाऊन उठली.

"पोट भरला?" शर्मिष्ठाने विचारलं.

"भरला."

"अर्ध्या भाकरीन?"

रसिकाने उष्टी भांडी गोळा केली आणि ती मोरीकडे निघाली. शर्मिष्ठाने तिच्या हातातला टोप ओढून घेतला.

"काय झालां गो तुका? बोल!"

"मावशी, पैसे बंद झाले ना?" रसिका टोपाकडे बघत म्हणाली. "मग माझो खर्च आता कोण करतलो?"

शर्मिष्ठाचा राग इतके दिवस साठला होता. कारकुनावर, सत्यवानवर, त्या चहा पिणाऱ्या बाईंवर. तो सगळा त्या एका प्रश्नावर फुटला.

"तुझो बापूस करतलो!" ती ओरडली.

आणि तिने जीभ चावली. असं कुणीही कुणाच्या मुलाला बोलतं, रोज बोलतं. पण या घरात बाप हा शब्द तीन वर्षं कुणी उच्चारला नव्हता. ती आणि सदानंद पोरीशी जपून, मोजून बोलत, एखाद्या नाजूक पाहुणीशी बोलावं तसं. टोप हातात धरून ती तशीच उभी राहिली. माफी कशी मागावी, तिला सुचेना.

रसिका तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून दाराबाहेर बघितलं. अंगणात सदानंद कोयतीला धार लावत बसला होता. ती पडवीत गेली.

मग बाहेरून आवाज आला. इतका मोठा की सत्यवान आपल्या खळ्यात उठून उभा राहिला.

"बाबा, माका सायकल व्हयी! खर्च तुमीच करतल्यात, आयेन सांगल्यान!"