राहूचा दोष

वर्षभरात बुप्पाचे मनगट मुरगळले, दंडावर गरम पेज सांडली आणि डोळा दोनदा काळानिळा झाला. खापर सर्वानुमते राहूवर फुटले, कारण ग्रहाला प्रतिवाद करता येत नाही. काळ्या कोंबडीचा नैवेद्य दाखवूनही फरक पडेना, तेव्हा नवरा तिला गावच्या विहारात घेऊन गेला. तिथे अशा अभाग्यांना शवपेटीत निजवतात, झाकण लावून मंत्र म्हणतात आणि नवा जन्म मिळाल्याचे जाहीर करतात.

"आता काय लागलं, पोरी?" गाव ज्यांना आदराने 'लुआंग पो' म्हणे, त्या वृद्ध भिक्खूंनी विचारले.

"न्हाणीत घसरली, लुआंग पो," नवऱ्याने उत्तर दिले. "धांदरट आहे हो. नेमकी मी घरात असलो की पडते."

"मी तिला विचारलं."

"ती फारशी बोलत नाही."

भिक्खूंनी मान डोलावली, तिला शवपेटीत निजवले आणि झाकण लावले. मंत्र आटोपले आणि झाकण उघडले.

"ऊठ, बाळ. जुना जन्म सरला. नवरा दारात थांबलाय."

बुप्पा आडवीच राहिली. तिने हलक्या आवाजात विचारले,



"लुआंग पो, या झाकणाला आतून कडी नसते का?"